गप्प बसण्याचा पगार

ताईंना गप्प बसण्याचा पगार मिळतो, हे घरात कुणालाच खरं वाटत नाही. "तू? आणि गप्प?" असं नवरा पहिल्या दिवशी म्हणाला, तो अजून हसतोच आहे. जावेने तर, "मग सराव म्हणून आमच्याकडे आठ दिवस राहायला या," असं आमंत्रणच देऊन टाकलं.

काम मात्र खरंच तसलं होतं. कंपनी संगणकावर संगीत रचायचा प्रोग्राम बनवत होती, आणि तो लोकांना जमतो का, हे ताईंनी शेजारी बसून पाहायचं. मदत करायची नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. कोण कुठे अडलं ते वहीत लिहायचं. बोललं की चाचणी बाद. सहा वर्षांत ताईंनी एकही चाचणी बाद होऊ दिली नव्हती. दिवसभराचं बोलणं त्या साठवून घरी नेत आणि जेवताना ओतत.

त्या आठवड्यात सकाळी नवशिके आणि दुपारी मुरलेले वादक असा क्रम होता. नवशिके खूश होऊन जात. बँकेतल्या एका बाईंनी बटणांवर ठोके दिले, ते फाटक्या पिशवीतून बटाटे सांडावेत तसे पडले. पण प्रोग्रामने एकेक ठोका गुपचूप उचलून जागेवर नेऊन ठेवला, आणि परत ऐकवला तेव्हा सगळं झकास. "अगंबाई, मला येतं की," म्हणत बाई गेल्या. ही सोय ज्याच्या डोक्यातून निघाली, तो प्रोग्रामर काचेपलीकडे कॉलर ताठ करून बसला होता.

दुपारी ड्रमवाले काका आले. पस्तीस वर्षं वाद्यवृंदात वाजवलेला माणूस. गेल्या वर्षी मनगटाचं ऑपरेशन झालेलं.

"शनिवारी आमच्या जुन्या मंडळींचा कार्यक्रम आहे," बसता बसता ते म्हणाले. "हो म्हणू की नको, ठरत नाहीये. हात साथ देतोय का, तेही इथे कळेल."

त्यांनी वाजवलं. दर दुसरा ठोका ते केसभर मागे ठेवत, त्यामुळे ताल आरामखुर्चीत रेलल्यासारखा ऐटीत चाले. ताईंचा पाय टेबलाखाली हलायला लागला. मग काकांनी आपलंच वाजवणं परत ऐकलं. सगळे ठोके शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकून मनगट चोळलं.

"संपलं म्हणायचं," ते हळूच म्हणाले. "मला वाटतं मी मागे ठेवतोय, पण हात ऐकतच नाही. कळलं ते बरं झालं. नाही सांगून टाकतो." आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

ताईंनी वहीत लिहिलं: वादकाला वाटतं, चूक त्याची आहे. नियमाप्रमाणे त्यांचं काम इथे संपत होतं. काकांनी चष्मा शोधला, मग नंबर शोधायला लागले.

"काका, फोन ठेवा," ताई म्हणाल्या.

काचेपलीकडे प्रोग्रामर उभाच राहिला.

"ठोके हा प्रोग्राम सरळ करतोय. तुमचा हात नाही." ताईंनी कोपऱ्यातलं एक बारकं बटण बंद केलं. "आता वाजवा."

काकांनी वाजवलं, ऐकलं. दुसरा ठोका जिथे ठेवला होता, तिथेच होता.

"म्हणजे मघाचं ते..."

"याचे उद्योग. हे तुमचं."

"मग आधी सांगायचं नाही का, बाई? अर्धा तास जीव टांगणीला लावलात."

"सांगायचं नसतं."

"कसली हो ही नोकरी," काका म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. "हां, शनिवारी येतोय मी. मनगट ठीक आहे. तू आपला लय सोडून पुढे पळू नकोस, मागच्या खेपेला पळाला होतास."

ते गेल्यावर प्रोग्रामर आत आला. "ताई, चाचणी बाद झाली."

"झाली. तसंच लिही. पण या आठवड्यात आणखी तीन वादक येऊन गेले. तिघंही आपल्याच हाताकडे बघत घरी गेले. त्यांना कोण सांगणार?"

प्रोग्रामरने कॉलरशी जरा खेळून घेतलं. मग वही पुढे ओढली आणि तिघांतल्या पहिल्याचा नंबर लावला.

"नमस्कार, मी तो प्रोग्रामवाला. सोमवारी तुम्ही वाजवलंत ना, ते तुम्ही नाही बिघडवलं. मी बिघडवलं."