गाळलेल्या चार रेषा

बारीकरावांनी चार रेषा गाळल्या आणि सख्ख्या ताईच्या वस्तीचा रस्ता घालवला. नकाशा कार्यालयात त्यांचा हात इतका बारीक, की लोक त्यांचं खरं नावच विसरले होते. पण ताईच्या वस्तीखालच्या कड्यापाशी समान उंचीच्या रेषा खेटून आल्या, शाई एकमेकींत उतरायला लागली, म्हणून दोन जाड रेषांमधल्या चार बारीक रेषा त्यांनी उद्यावर टाकल्या. तो उद्या काही उगवला नाही. रस्तेवाल्या साहेबाने जाड रेषांवरचे उंचीचे आकडे न वाचता मोकळी जागा तेवढी पाहिली आणि तिथूनच रस्ता आखला. खोदणारं यंत्र आलं, कडा बघून माघारी गेलं, मंजुरी रद्द झाली.

बारीकराव धापा टाकत वर गेले आणि ताईला सगळं सांगून टाकलं. गुडघ्यांमुळे ती दोन वर्षं खाली उतरली नव्हती.

"म्हणजे रेषा दाट तिथे चढ उभा, विरळ तिथे सोपा?"

"हो, ताई."

"मग माझा कडा तू सोपाच केलास की रे! गुडघ्यांना कळवायचं राहिलं वाटतं."

"दुरुस्तीचा अर्ज दिलाय. नवा नकाशा छापतील तेव्हा होईल."

"तोवर मी कुठली राहतेय!" असं म्हणून तिने मोडका चष्मा पुढे केला. "एवढी काडी तरी बसवून आण."

"मी स्वतः आणतो," बारीकराव म्हणाले.

काडी दुसऱ्याच दिवशी बसली. त्यानंतर ते तीनदा निघाले आणि तिन्ही वेळा दम लागून कड्याखालूनच परतले. रोज वर जाणाऱ्या गवळ्याबरोबर पाठवायची लाज वाटते. चष्मा अजून त्यांच्याच खिशात आहे.