वेचणीच्या दिवसांतलं अर्थशास्त्र

ताडकळसला अकरावीला अर्थशास्त्र शिकवायचं म्हटलं की किस्से आपोआप साचतात. स्टाफरूममध्ये चहा कमी पडतो, किस्से नाहीत! पण यंदा हसताना मनाला एक घोर लागला होता. वर्गातली सारिका दिवाळीनंतर येईनाशी झाली. आईचा हात मोडलेला, कापूस फुटलेला, वेचायला मजूर मिळेना. वडिलांनी सांगूनच टाकलं, "कालेज बास झालं आता."

*

दुर्मिळता शिकवत होते. "गरजा अमर्याद, साधनं मर्यादित. उदाहरण द्या!"

मागच्या बाकावरून बालाजी उठला. "आपली बस, मॅडम! माणसं लय, सीटा मोजक्या."

"आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा कोण?"

"उद्योजक!"

परतीच्या बसला माझी जागा तोच धरतो, त्यामुळे रागावताही येईना.

*

मग उत्पादनाचे घटक. "घरात भांडवल काय काय आहे?" राधा म्हणाली, "कोंबड्या."

"कोंबडी भांडवल कशी?"

"अंडी देती तवर भांडवल, मॅडम. जावई आला की उपभोग!"

परीक्षेत हेच लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते.

*

शेवटी मी स्वतःच सारिकाच्या शेतावर गेले. तिच्या वडिलांना शिक्षण ही गुंतवणूक कशी, हे मी तळमळीनं सांगू लागले. ते वेचता वेचता ऐकत होते.

"तुमी बोलायलाव ते समदं पटायलंय, मॅडम. पण बोलता बोलता जरा वेचू लागा की!"

दिवस मावळेपर्यंत वेचलं. कंबर धरली आणि भाषण अर्धंच राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी वर्गात हताश होऊन म्हणाले, "श्रम हा घटकच दुर्मिळ झालाय."

बालाजीनं विचारलं, "पुस्तकात सावड न्हाई का, मॅडम? आज आमी तुमच्या रानात, उद्या तुमी आमच्या."

पुस्तकात नव्हती. पण रविवारी अख्खा वर्ग कमरेला झोळ्या बांधून सारिकाच्या रानात! संध्याकाळपर्यंत रान मोकळं झालं.

सारिकाचे वडील मात्र कावरेबावरे झाले. "एवढ्या घरची सावड मी कवा फेडू रे?"

"तुमी नका फेडू, काका," बालाजी म्हणाला. "आमाला आलेख जमत न्हाईत. सारिकाला जमत्यात."

सोमवारी तास चालू असताना दारात मोटारसायकल थांबली. मागे दप्तर घेतलेली सारिका. वडील टोपी सारखी करत म्हणाले,

"मॅडम, सावड फेडायला आणलंय हिला. बारावी होईस्तोवर फिटत न्हाई म्हणायलेत पोरं!"