पाकिटाची खाच

‘काकांनी चिवड्याचं पाकीट दातांनी फाडलं!’ असे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सांगत फिरतात. हे धादांत खोटे आहे. काका माझे शेजारी; त्यांनी अंबडच्या कारखान्यात पाकिटांच्या कडेला फाडण्याची खाच पाडण्यात उभी नोकरी घालवली. कोणी पाकिटाला दात लावला, की ते स्वतःलाच चावा बसल्यासारखे कळवळतात. ‘अहो, खाच कशाला दिलीय? दोन नखं पुरतात!’ परवाच्या सभेत सेक्रेटरींकडून न फाटलेले पाकीट काकांनी घेतले, खाच शोधायला खिडकीच्या उजेडाकडे वळले आणि अलगद उघडले. सेक्रेटरींना दिसली फक्त पाठ. दात त्यांनी मनचे जोडले. त्या दिवशी काकांची वरची-खालची कवळी दुरुस्तीला गेलेली होती, आणि ती मीच नेऊन दिली होती.