चाक कुणी धरलं?

आधीच सांगते, रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली की मुद्दाम तिच्यावरून स्कूटी घालणारी बाई आहे मी. सांगलीत अकरावी-बारावीच्या क्लासला फिजिक्स शिकवते. कुणाच्या अंगात आलं वगैरे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

माझं माहेर कोरेगावपासून थोडं आत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, फौजेतून रिटायर होऊन आला आणि त्यानं शेतातच गुऱ्हाळ टाकलं. उसाचा चरक डिझेल इंजिनावर चालतो. इंजिन जुनं, हँडल मारून चालू करायचं, आणि त्याच्या बाजूला कमरेएवढं लोखंडी चाक. त्या चाकावरून चरकाला पट्टा जातो. गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा हंगाम सुरू व्हायचा होता आणि दादा इंजिनाची ट्रायल घेत होता.

त्याची मुलगी सई अकरावीला आहे. तिला सुट्टीचा अभ्यास होता – घरातली एखादी फिरणारी वस्तू घ्या, ती आपोआप थांबायला किती वेळ लागतो ते मोजा आणि त्यावरून घर्षणाचा टॉर्क काढा. पोरगी टेबलफॅन पुढ्यात घेऊन बसली होती. मी म्हटलं, "अगं, हा फुसका फॅन काय घेतेस? बापाकडं एवढं मोठं चाक पडलंय की!" ही अक्कल माझीच.

सकाळी, चांगलं ऊन वर आलेलं असताना आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. पट्टा काढून ठेवला होता. फेरे मोजता यावेत म्हणून सईनं चाकाच्या कडेला खडूनं जाड रेघ ओढली आणि मोबाइल विटांना टेकवून व्हिडिओ चालू केला. दादा इंजिन चालू करायचा, मग डिझेल बंद करायचा, आणि चाक आपोआप मंदावत मंदावत थांबायचं. असं दोनदा केलं. दोन्ही वेळा उत्तर जवळजवळ सारखं आलं. सई खूश, आणि मी तिच्याहून खूश.

तिसऱ्या वेळी दादाला घाई झाली. "झालं न्हवं तुमचं? आता या टायमाला पट्टा चढवूनच घेतो."

इथं एक सांगायला हवं. थांबलेल्या चाकावर तो जाड पट्टा चढवायला दोन गडी लागतात. पण चाक मंद फिरत असताना पट्टा हातानं कडेला लावला, की चाकच त्याला ओढून घेतं. एकट्याचं काम होतं. आमच्याकडं सगळे असंच करतात, आणि बोटं गेलेली माणसंही आमच्याकडंच दिसतात.

"दादा, पूर्ण थांबू दे आधी!" मी ओरडले.

"आगं, रोजचं हाय माझं. तू तिकडं सांगलीत पोरास्नी शिकीव!"

त्यानं डिझेल बंद केलं. चाक अजून चांगलंच फिरत होतं, तेवढ्यात त्यानं पट्टा लावला. पट्टा घसरला आणि त्याच्या शर्टाची बाही पट्ट्यात आणि चाकात सापडली. मनगट आत जाताना मला दिसलं. गेला हात! मी डोळे गच्च मिटले... किंचाळले मी की सई, देव जाणे.

डोळे उघडले तर चाक थांबलेलं.

मंदावून नव्हे हो, थांबलेलं. खडूची रेघ वरच्या बाजूला, जागच्या जागी. दादाचा हात पट्टा आणि चाक यांच्यामध्ये, आणि दादा हलत नव्हता. भीतीनं गारठला असेल असं मला वाटलं. मग एकदम त्याचा हात बाहेर आला, तो मागं धाडकन पडला – आणि चाक फिरायला लागलं. हळूहळू वेग घेत नव्हे... मघाशी होता त्याच वेगानं, एकदम! मग रोजच्यासारखं मंदावत जाऊन थांबलं. वहिनी घरातून पळत आल्या. "आवं, काय झालं? बघू हात!" करत त्यांनी त्याचा हात उलटसुलट करून बघितला. साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

दुपारी मी आणि सईनं गणित मांडलं. एवढं जड चाक एका झटक्यात थांबवायला किती टॉर्क लागेल? जे उत्तर आलं, त्या हिशेबानं इंजिन बोल्टांसकट काँक्रीटमधून उपटून निघायला हवं होतं. मी जाऊन बघितलं. बोल्टांवरची धूळसुद्धा हलली नव्हती. व्हिडिओ अडकला असेल म्हणावं, तर चाक थांबलेलं असताना आमचं किंचाळणं सलग ऐकू येतं, आणि मागं बांधलेली शेळी कान हलवताना दिसते.

"आत्या," सई म्हणाली, "चाक परत त्याच वेगानं फिरलं ना... मग मधल्या वेळात तो वेग होता कुठं?"

क्लासमध्ये कुणी असं विचारलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. तिला म्हटलं, "गप जेवून घे." तिनं पहिल्या दोन वेळांचंच गणित कॉलेजात दिलं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या दोघांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी तो पुन्हा पुन्हा मागं नेऊन बघितला.

गावात लोक म्हणाले, देवानं राखलं. खरं सांगते, मीही तेच मनाशी धरलं होतं. तेवढाच जिवाला आधार. भाऊबीजेला दादाला ओवाळताना त्याच्या धडधाकट हाताकडं बघून मला भरून आलं. म्हटलं, "कुणी का असेना, माझ्या भावाचा हात वाचवला त्यानं."

दादा पाटावर मान खाली घालून बसला होता. उभा जन्म फौजेत काढलेला माणूस, त्याला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्या हातानं त्यानं ते मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"वाचीवला न्हाई गं," तो हळूच म्हणाला. "चाक थांबल्याबरूबर मी हात वढला हुता. निघंना. चाक धरलं हुतं, तसा माझा हात बी कुणीतरी धरला हुता."

"मग?"

"मग काय... आधी हात सोडावा का चाक, ह्याचा इचार चालला हुता त्याचा."