माळवदावरचा परीक्षक

कुंभार पिंपळगावात शनिवारी सकाळी तातेरावाच्या दुकानात दाढी करायची म्हणजे बाकावर नंबर लावून बसायला लागायचं. दाढी वाढलेली असो नसो. पंचाण्णव-शहाण्णव सालची गोष्ट. शुक्रवारी रात्री टीव्हीवर भुतांची मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भूत. आणि शनिवारी तातेराव त्या भागाचा निकाल लावायचा. ज्यांनी भाग पाहिलेला नसायचा ते काय झालं हे ऐकायला यायचे. ज्यांनी पाहिलेला असायचा ते, आपण भ्यालो ते बराबर होतं का, हे विचारायला यायचे.

"बिनधारीचं भूत होतं," गिऱ्हाइकाच्या गालाला साबण चोपडत तातेराव म्हणायचा. "नुसता फेस. अर्धा घंटा दार करकरून राह्यलं, वारा सुटला, कुत्रं रडलं, अन शेवटाला निघाला कोण, तर बंगल्याचा माळी. अरे, माळ्यासाठी येवढा वारा कामून सोडला?"

बाक हसायचा.

"मागल्या हप्त्याचा बरा होता मंग?"

"मागल्याला वस्तरा लागला. ती बाई आरशापुढं वेणी घालायला बसती, अन आरशातल्या बाईची वेणी आधीच घातलेली. तिथं रक्त काढलं त्यानं. पण चूक हाये त्यातबी. वीस वरसं बंगल्यात कोणी न्हाई, अन भुताच्या साडीला कडक इस्त्री. कोळसे कोण फुकत होतं?"

अशा बारीक गोष्टी तो काढायचा. त्या ऐकल्या की वाटायचं, आपण आंधळ्यासारखं बघतो, बघावं तर तातेरावानं. तो भीत नाही म्हणून त्याला एवढं दिसतं, असं गावानं ठरवून टाकलेलं होतं. ठरवायला कारणही होतं. चाळिशीचा वाळका माणूस, पण गावात कुणी गेलं की दहाव्याची डोकी करायला गोदेच्या काठाला तोच. एकदा पावसात अडकला तर मसणवाट्यातल्या पत्र्याखाली पोतं अंथरून सकाळपर्यंत झोपला होता. झोप लागली का, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "डास लई होते."

टीव्ही होता अजमतभाईच्या घरी. अजमतभाईचं पंक्चरचं दुकान, घर मातीच्या माळवदाचं, माळवदावर बांबूला बांधलेला अँटिना. वारा सुटला की तो फिरायचा आणि चित्राला मुंग्या लागायच्या. मग कुणीतरी वर चढून त्याला धरून बसायचं. शुक्रवारचं हे काम तातेरावानं आपण होऊन घेतलं होतं. खाली खोलीत माणसं गच्च, बायका एका भिंतीला, आणि खिडकीतून अजमतभाईची बायको कमरबी वर सांगायची, "आया... आया... गया. थोडा मशीद की तरफ घुमाव."

उजेडासाठी माळवदाला एक झरोका ठेवलेला होता. त्यातून समदं दिसतं, असं तातेराव म्हणायचा. आम्हाला ते खरं वाटायचं.

खरं असं होतं की तो झरोक्याकडं पाठ करून बसायचा. एका हातात बांबू, कानावर उपरणं करकचून गुंडाळलेलं. मालिकेचा पहिला भाग त्यानं खाली बसून बघायला घेतला होता. दर भागाच्या सुरुवातीला एक बंद दार करकरत उघडायचं; त्याच्या आधीचं संगीत सुरू झालं आणि तातेरावाच्या तळव्यांना घाम आला. तेवढ्यात चित्र हललं. "मी बघतो," म्हणून तो उठला, वर गेला, आणि पुढचे शुक्रवार वरच बसायला लागला. मढ्याचं भय नसलेल्या माणसाला पेटीतल्या करकरीचं भय का वाटावं, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. मढं गपगार पडून असतं, हे तेवढं त्याला ठाऊक होतं.

मग शनिवारी तो सांगायचा कुणाचं? त्याच्या बायकोचं. गोजरबाईचं.

गोजरबाई गावातली बाळंतपणं करायची. रात्री कुणीही दार वाजवलं की चूळ भरून, पदर खोचून, कंदील घेऊन निघायची. वस्ती कितीही लांब असो, मधे नाला असो, "संग कोण हाये?" असं तिनं कधी विचारलं नाही. शुक्रवारी ती बायकांत बसून मालिका बघायची, निवांत, शेंगा फोडत. घरी आल्यावर तातेराव अंथरुणावर पडून म्हणायचा, "आज वारा लई होता, मधलं मधलं दिसलं न्हाई. काय झालं शेवटाला?" आणि ती सांगायची. आरशातली वेणी तिची, साडीची इस्त्रीही तिची. तातेरावाचा फक्त साबण आणि वस्तरा. मधलं मधलं नाही, काहीच दिसलेलं नाही, हे तिला पहिल्या शुक्रवारीच कळलेलं होतं. ती बोलली नाही. दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. शनिवारी आत भाकरी थापताना बाकावरचं हसू तिला ऐकू जायचं, तेवढं तिला पुरत असावं.

एका शनिवारी तातेराव रंगात आला होता. आदल्या रात्रीच्या भागात पडक्या घरात एक बाळ जन्मतं आणि त्याच्या रडण्यानं भूत जागं होतं.

"समदं खोटं," तो म्हणाला. "आत्ता झालेलं लेकरू म्हणे, अन रडणं चार म्हैन्याच्या लेकराचं. ताजं लेकरू असं लांब सूर काढून रडत न्हाई. तुटक रडतं, मांजरीसारखं. पयल्यांदा त्याला रडताच येत न्हाई."

बाकावर कडूबा बसला होता. तीर्थपुरीच्या वाटेला शेतात त्याची वस्ती. त्यानं तातेरावाकडं बारीक डोळ्यानं पाहिलं.

"तातेराव, तुला काय ठाव रं ताज्या लेकराचं? तू काय नाळ कापायला बसतो का?"

शेजारी बसलेला वसंता म्हणाला, "ह्ये बोलणं पडद्याआडचं दिसतं, मामा. आपला परीक्षक उधारीवर चालून राह्यला."

सगळे हसले. थट्टाच होती. हसून सोडली असती तर विरून गेली असती. पण तातेरावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ती?" तो म्हणाला. "ती काय बघती? दार वाजलं का पदर तोंडावर घेती. मालिका झाल्यावर परसात जायचं तर मला संग न्यावं लागतं. चिमणीवानी थरथरती."

"आन रातची बाळंतपणाला जाती ती कशी?"

"मी नाक्यापस्तोर सोडतो, तवा जाती. सांगत न्हाई कुणाला."

बाक पुन्हा हसला. आम्हीही हसलो. पडद्याआड भाकरी थापल्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

गोष्ट गावभर झाली. गिरणीवर बायका गोजरबाईला म्हणायच्या, "का गं, चिमणे?" ती दळण डोक्यावर घ्यायची आणि चालायला लागायची. एका शब्दात तिनं नवऱ्याचं पितळ उघडं पाडलं असतं. पाडलं नाही.

पुढं थंडीत एका सकाळी कडूबा दाढीला आला. डोळे तांबडे, गालाची हाडं वर आलेली. खुर्चीत बसला आणि आपण होऊनच सांगायला लागला.

"सुनंचं पोट दुखायला लागलं परवा रातचं. दिस भरले न्हवते. पोरगं म्हणलं, गोजरमावशीला आणतो. म्या म्हणलं, नगं. ती बाई अंधाराला भिती, तातेरावाला उठवा, त्याला संग घ्या, तवर उजाडंल. त्यापरीस गाडी जुंपू, पिंपळगावातून जीप करू अन घनसावंगीला दवाखान्यात नेऊ. तर वाटंतच झालं. बैलगाडीत, उघड्यावर. थंडी ही अशी."

वस्तरा कडूबाच्या गळ्यापाशी थांबला.

"लेकरू?" तातेरावानं विचारलं.

"लेकरू हाये. सून दवाखान्यात पडली. रक्त लई गेलं. पुन्हा लेकरू होईल का न्हाई, डॉक्टर काही बोलून न्हाई राह्यला."

पडदा सरला आणि गोजरबाई दुकानात आली. गिऱ्हाईक असताना ती कधी पुढं येत नसे. हाताला पीठ तसंच होतं.

"दादा, लेकराच्या मागची वार सगळी पडली होती का?"

"कुणी बघितलं माय. आमची घरवाली सगुणा होती गाडीत, तिला काय कळतं."

"दादा, आजपस्तोर म्या कधी कुणाला म्हणलं का, रातचं यायची न्हाई म्हून?"

कडूबा गोंधळला. गालावर फेस तसाच. त्यानं आरशात तातेरावाकडं पाहिलं. "न्हाई बाई. पण ह्योच..."

गोजरबाईनं नवऱ्याकडं बघितलंही नाही. हात धुतले, लुगडं नीट केलं आणि मिळंल त्या गाडीनं दवाखान्यात गेली. सगुणाबाई 'आता जा' म्हणून उठवीपर्यंत त्या पोरीच्या उशाशी बसून राहिली.

घरी आल्यावर भांडण नाही, की रडणं नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची. तातेरावाला वाटत होतं, तिनं दोन शिव्या द्याव्यात, भांडं फेकावं. शुक्रवार आला. ती अजमतभाईकडं गेली, तो माळवदावर चढला. परत आल्यावर अंधारात त्यानं सवयीनं विचारलं, "काय झालं शेवटाला?"

"मला काय ठाव?" ती म्हणाली. "म्या तर पदर तोंडावर घेतल्ता."

आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी बाक भरलेला. "हं, तातेराव, कालचं भूत धारीचं का बिनधारीचं?"

तातेरावानं वस्तरा पुसून खाली ठेवला. "म्या बघितलं न्हाई," तो म्हणाला. "काल न्हाई, परवा न्हाई, कधीच न्हाई. मला भ्या वाटतं त्या दाराचं. म्हून मी वर बसतो, कान बांधून. तुमाला जे सांगत आलो ते समदं हिचं. अन ही कशालाच भीत न्हाई. म्या खोटं बोल्लो."

मग वसंता खो खो हसला. "वा रं वा. काल भाग बेकार निघाला म्हून घरचाच भाग काढला."

"मसणात झोपणारा माणूस टीव्हीला भितो म्हणे."

"बायकोनं रातच्याला लाटणं दावलेलं दिसतं. समदं पाठ करून घेतलं हो बाईनं."

तातेराव शपथा घेत होता आणि बाक हसत होता. जेवढ्या शपथा तेवढं हसू. आता गोजरबाई भित्रीही ठरली आणि वर कजागही. तिची बाजू घ्यायला गेला आणि तिलाच आणखी खाली ढकलून आला.

पुढच्या शुक्रवारी अजमतभाई दारात होता. "क्या तातेराव, ऊपर नहीं जा रे आज?"

"आज खालीच बसतो."

"चित्र हलंल की रं," मागून कुणीतरी म्हणालं.

"हलू द्या."

तो अगदी पुढं बसला, टीव्हीपासून हातभर. शेजारी अजमतभाईची म्हातारी आई अकबरबी तिच्या बाजेवर. संगीत सुरू झालं. तातेरावानं मांड्या घट्ट धरल्या. दार दिसलं, बंदच होतं अजून. त्याच्या पाठीवरचा सदरा घामानं चिकटलेला मागच्यांना दिसत होता. कडी हलली. तातेरावाच्या तोंडातून बोकडाला ओढताना येतो तसला आवाज आला. उठून पळायला जागा नव्हती. त्यानं अकबरबीच्या बाजेला मिठी मारली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसलं.

हसायला सुरुवात झाली होती. पण तो थरथरत होता ते खरं होतं. कुणाचंही अंग असं नाटकानं हलत नाही. एकेकाचं हसू आपोआप बंद पडलं. म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "झूट है बेटा सब. लाइट गई तो भूत भी जाता."

कडूबा खाली बघत होता. मीही खाली बघत होतो. भिंतीपाशी गोजरबाई तेवढी समोर बघत होती, भाग संपेपर्यंत. मग उठली, नवऱ्याला दंडाला धरून उभं केलं आणि घरी नेलं.

त्यानंतर बाकावर कुणी निकाल विचारला नाही. पोरं दुकानावरून जाताना तोंडानं दार करकरवायची, तातेराव ऐकून घ्यायचा. दाढ्या होत राहिल्या. कंदील घेऊन बोलवायलाही माणसं पुन्हा येऊ लागली. गावातल्या रामकिसनच्या घरून आली, मळ्यावरून आली. तातेराव आपण होऊन कंदिलाची काच पुसून ठेवायचा. पण पहिल्याइतकी येत नव्हती. कडूबाच्या वस्तीवरून तर कुणीच आलं नाही. त्याच्या सुनेला पुन्हा लेकरू झालं नाही.

मग रस्ता झाला, जीपगाड्या वाढल्या, तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणाला पैसे मिळू लागले. दोन हजार पाच-सहा सालानंतर गावात घरी बाळंत होणारी बाई विरळाच. लोक गोजरबाईला म्हणायचे, "जमाना बदलला, मावशी." तीही म्हणायची, "हाव. बरं झालं." तातेराव वस्तऱ्याला धार लावत हे ऐकायचा. जमान्यानं किती नेलं आणि आपल्या तोंडानं किती घालवलं, हा हिशोब त्याला लागत नव्हता आणि तिला विचारायचं त्याचं तोंड नव्हतं.

आता दोघंही म्हातारी आहेत. अजून एखाद्या रात्री घनसावंगीच्या रस्त्याला जीप भरधाव जाते, आत बाई कण्हत असते. गोजरबाई अंथरुणात उठून बसते, केस मागं करते, कान देते. आवाज लांब जाईपर्यंत तशीच बसून राहते. शेजारी तातेराव जागा असतो. डोळे मिटून, श्वास झोपलेल्या माणसासारखा संथ ठेवून, तो ती पुन्हा आडवी होण्याची वाट बघत पडून राहतो.