कोरड्या बाजूचा निरोप

शेजारचे सर अंगणातल्या लिंबोणीला एका आठवड्यात एकाच बाजूनं पाणी घालायचे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूनं. दुष्काळाची वर्षं होती, शहर वाढत चाललेलं आणि नळाला आठवड्यानं पाणी. तरी मला त्या अर्धवट रीतीची चीड यायची. एकदा विचारलंच.

सरांनी सवयीनं चष्मा कपाळावर चढवला. "ताई, कोरड्या बाजूच्या मुळ्या वर पानांना निरोप धाडतात, इथं पाणी नाय म्हणून. मग पानं आपली छिद्रं आवळून घेतात अन् थोड्या पाण्यात झाड तगतं."

नळ आला की गल्लीत घरोघरी मोटारी लागायच्या, त्यामुळं टोकाच्या घरापर्यंत पाणी पोचतच नसे. एका सकाळी तिथल्या काकू दारात येऊन ओरडल्या, "आमच्याकडं थेंब नाय वो!"

ऐकलं सगळ्यांनीच. सरांची टाकी अजून अर्धीच भरली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आपली मोटार बंद केली. मग समोरची थांबली, मग आमची. गल्ली इतकी शांत झाली, की काकूंच्या हंड्यात पडणारं पाणी मला माझ्या ओट्यावर ऐकू आलं.