मुंग्या, कबुतरं आणि ओल्या गोधड्या

गच्चीवर जायचं म्हणजे आता मला जिन्यात दोनदा थांबावं लागतं. पहिल्या थांब्याला गुडघा माझ्याशी बोलतो, दुसऱ्याला मी त्याच्याशी. वर पोचले की कोपऱ्यातल्या गंजक्या पाइपाला टेकून उभी राहते. त्याच्यावरची अँटेना भंगारात जाऊन किती वर्षं झाली, देव जाणे. पाइप तेवढा राहिलाय. कधीकाळी एक बावीस-तेवीस वर्षांची शहाणी सून याच पाइपाला मिठी मारून उभी होती. ती सून म्हणजे मी. तिच्याइतकी शहाणी बाई मी पुढं आयुष्यात पाहिली नाही.

शहाणी का, तर अकरावीला सायन्स घेतलं होतं. बारावीला नापास झाले ते सासरी फारसं कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळं घरात टीव्ही आला तेव्हा त्याची तज्ज्ञ मीच ठरले. लहरी कशा येतात, अँटेनेच्या काड्यांवर कशा आदळतात, हे मी सासूबाईंना भाकरी थापता थापता समजावून द्यायची. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. तवा करपतोय."

आत्याबाईंचं माहेर शेंद्र्याचं. तिथं त्यांचा एकुलता थोरला भाऊ, माझ्या नवऱ्याचा मामा, मोसंबीची बाग राखून होता. बाग चांगली होती म्हणून हिवाळ्यात टीव्हीची माणसं येऊन त्याचं चित्रण करून गेली, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी. कार्यक्रम कधी दाखवणार ते कुणी सांगितलं नाही. वैशाखात मामा गेले, झोपेतच. भाद्रपदात, पितरपाट म्हणजे पितृपंधरवडा लागता लागता, त्यांचा थोरला मुलगा सांगायला आला की पत्र आलंय, पुढच्या बुधवारी संध्याकाळी साडेसहाला दाखवणार आहेत.

आत्याबाईंकडं भावाचा फोटो नव्हता. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली त्यांचं लग्न झालं, त्या गडबडीत फोटो कोण काढतंय. पुढं भाच्याच्या लग्नात एक काढला होता, त्यात मामांच्या तोंडापुढं कुणाचा तरी फेटा आला. तेव्हा त्या बुधवारवर त्यांचं सगळं लक्ष लागलं. टीव्हीसमोरची आपली जागा दुपारपासूनच धरायला लागल्या.

आणि नेमकं त्याच आठवड्यात चित्र बिघडलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मधेच एखादं माणूस दिसायचं, तेही दुहेरी.

हे चिकलठाण्याला कारखान्यात होते. पहिली पाळी करून पाचला घरी यायचे, डबा ठेवायचे आणि तसेच वर. आमची पद्धत अशी, की हे गच्चीवर पाइप फिरवणार, मी खिडकीत उभी राहून निरोप देणार आणि आत्याबाई आत पडद्यापुढं बसून काय दिसतंय ते सांगणार. त्या म्हणायच्या, "माणूस आला, पण त्येला खांदे नायत." मी वर ओरडायची, थोडं डावीकडं. हे विचारायचे, कुणाच्या डावीकडं? तेवढ्यात आत्याबाई म्हणणार, "गेला." असा तास-दीड तास. शेवटी अँटेनेचं तोंड पडेगावच्या पलीकडं, म्हैसमाळच्या डोंगरावरच्या टीव्ही टॉवरकडं नीट लागायचं, चित्र आरशासारखं व्हायचं आणि हे पायऱ्यांवरच बसून पाणी मागायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावावं, तर पुन्हा मुंग्या.

आठवडाभर हेच. मी रोज एक नवी उपपत्ती काढायची. वायर जुनी झाली, म्हणून ह्यांनी चपटी वायर बदलली. काड्यांवर मळ आहे, म्हणून पॉलिश पेपरनं घासल्या. एकदा तर मी म्हटलं, कार्यक्रम मुंबईहून येतात तर तोंड मुंबईकडंच हवं. त्या बिचाऱ्यानं तेही करून पाहिलं. शेवटी मला कारण सापडलं. शेजारच्या चाचांची कबुतरं आमच्या अँटेनेवर बसायची. त्यांच्याच वजनानं ती फिरते. मी ह्यांना चाचांकडं पाठवलं. चाचा भला माणूस, घड्याळं दुरुस्त करायचे. एका शब्दानंही वाद न घालता त्यांनी कबुतरं कोंडून ठेवली. चार दिवस ती आत घुमत राहिली आणि आमच्याकडं मुंग्या राहिल्या.

आता या सगळ्यात मी एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच माझ्या सायन्सला कळलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी दसरा काढला होता. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन काढायची, हे आमच्याकडं चुकत नाही. मागच्या दोरीवर जागा पुरेना, म्हणून मी गच्चीवर नवी दोरी बांधली. एक टोक जिन्याच्या कडीला, दुसरं अँटेनेच्या पाइपाला, चांगलं वर, गोधड्या जमिनीला लागू नयेत म्हणून. रोज दुपारी एक-दोन ओल्या गोधड्या टाकायच्या आणि हे यायच्या आत काढून, दोरीही सोडून ठेवायची. मी व्यवस्थित बाई.

बुधवारी उरलीसुरली सगळ्यांत जड गोधडी धुतली. आत्याबाईंची, त्यांच्या आईच्या लुगड्यांची. ती काही वाळेना, म्हणून राहू दिली. पाचला हे आले, चहाही न घेता टीव्ही लावला. या वेळी मुंग्यासुद्धा नीट दिसत नव्हत्या. मी आधी वर गेले, तर पलीकडच्या गच्चीवर चाचा कोंडलेल्या कबुतरांना दाणे टाकत होते. त्यांनी एकदा दोरीकडं पाहिलं, एकदा पाइपाकडं. पाइप गोधडीच्या बाजूला मान वाकडी करून उभा होता.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "मेरे कबूतरां तो चार दिन से बंद हैं. ये गोदडी किसकी है?"

मी दोरी सोडली, गोधडी कठड्यावर टाकली. पण रोजच्या ओढीनं पाइपाचा क्लॅम्प पार ढिला झाला होता. हात सोडला की पाइप आपोआप फिरायचा. हे वर यायला निघाले होते, त्यांना मी जिन्यावरूनच परत पाठवलं. तुम्ही खिडकीत थांबा, मी धरते म्हटलं. इतका उत्साह मी आधी कधी दाखवला नव्हता.

साडेसहा वाजले. खालून आवाज आला, थोडं उजवीकडं, बास. मी पाइपाला मिठी मारून उभी. कठड्यावरच्या गोधडीचं पाणी माझ्या पायाशी येत होतं. हात भरून आले. नाकावर माशी बसली. मी मोठ्या निग्रहानं बराच वेळ ती सोसली आणि मग एक हात काढून हाकलली. पाइप फिरला. मी झटकन परत आणला. खालून कुणी काही बोललं नाही, म्हणून मला वाटलं, चाललं.

हे "ये आता खाली" म्हणाले तेव्हा खाली गेले. आत्याबाई पडद्यापुढंच बसल्या होत्या. टीव्ही बंद केलेला.

मी विचारलं, "दिसले का मामा?"

"दिसला. टोपी घातली व्हती नवी. हातात मोसंबी धरून उभा. बोलाय लागला आन् गेला. मग आला तवा बागच दावली."

ती माशी. मी तिथंच खाली बसले. ओल्या पदरानं सगळं सांगून टाकलं, दोरी, गोधड्या, कबुतरं, माशी. आत्याबाई ऐकत होत्या, तव्याच्या वेळी ऐकायच्या तशाच.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "गोधड्या वाळत घालाया वर दुसरं कोण जातंय? पर गोधडीमुळं ते हालतंय, हे मलाबी नाय सुचलं." मग खिडकीकडं बघून, आवाज उतरवून म्हणाल्या, "त्येला सांगू नगं. आठवडाभर पाळी करून चढला बिचारा. तोंड दिसलं मला. तेवढं पुरं."

पुरं नव्हतं. पुढं त्या कितीतरी वर्षं शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की कामं टाकून समोर येऊन बसायच्या. तो तुकडा पुन्हा काही लागला नाही.

पाइप ह्यांनी दुसऱ्या दिवशी सिमेंट घालून पक्का केला. मी चाचांकडं जाऊन माफी मागितली, कबुतरं सुटली आणि सरळ येऊन आमच्या अँटेनेवर बसली. चित्राला काही झालं नाही. ह्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, बघ, आता सिमेंट आहे म्हणून टिकलं.

आजही खाली आरामखुर्चीत बसून ते कुणालाही सांगतात की कबुतरांनी आमचा टीव्ही बिघडवला होता. मी ऐकते. गुडघे दुखतात, उठवत नाही, आणि आत्याबाईंना शब्द दिलाय.